सुताराचं नाक

“हलू नका काका. शिंक आली तर येऊ द्या,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी बारीकसा ब्रश सुताराच्या नाकात फिरवला आणि काढून नळीत बुडवला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या नाकावर त्याने उभ्या जन्मात माशी बसू दिली नाही, त्यात आज ब्रश! शेजारी बसलेली लेक हसू दाबत होती.

नाकाचा त्याला भारी तोरा. डोळे मिटून, नुसत्या वासावर तो लाकूड ओळखायचा. म्हणूनच त्याने कधी मास्क लावला नाही, आणि बारा वर्षं बरोबरीने काम करणाऱ्या लेकीलाही लावू दिला नाही. “तोंड बांधलंस तर लाकूड बोलणार कसं तुझ्याशी?” असं म्हणायचा. हल्ली मात्र एक जिना चढायला त्याला दोनदा टेकावं लागे.

“दम छातीला लागतोय, अन् तुम्ही नाकात काय शोधताय?”

“वाट एकच आहे, काका. धूळ आत जाताना नाकावरूनच जाते. इथल्या पेशीत हजारो जनुकं असतात, काही जागी, काही झोपलेली. फुप्फुसातल्या वाटा आजारी पडल्या, की इथेही वेगळीच जनुकं जागी होतात. ते आम्ही वाचतो. अजून अभ्यास चालू आहे, म्हणून श्वास मोजायला यंत्रात फुंकायची तपासणीही करू.”

“विडीला शिवलो नाही हो मी कधी.”

“भुशात मात्र चाळीस वर्षं काढलीत.”

सुताराने त्या नळीकडे पाहिलं. खोडाच्या टोकाची ढलपी काढून आतली कीड सांगणारा माणूस तो. आज त्याचीच ढलपी निघाली होती, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी, आणि तिला त्याची चाळीस वर्षं ठाऊक होती.

तीन आठवड्यांनी दोन्ही तपासण्यांनी एकच सांगितलं. श्वासाच्या वाटा अरुंद झाल्या होत्या. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं सांभाळायचं होतं. पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याने लेकीला दंडाला धरून पुढे केलं.

“हिचं बघा. मीच नाही म्हणायचो मास्कला. हिचं नाक बघा आधी.”

पुढचे तीन आठवडे त्याला घास गोड लागला नाही.

“तसं काही दिसत नाही अजून,” बाई म्हणाल्या, “पण आजपासून मास्कशिवाय भुशात जायचं नाही. आणि काका, तुम्हाला तर भुसा पुरताच बंद.” सुतार तिथेच, चारचौघांत, ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने लेकीच्या तोंडावर मास्क बांधला. सांधा तपासावा तसं कडेने बोट फिरवून फट बघितली. मग स्टूल उचलून कारखान्याच्या बाहेर, दाराशी बसला.

आत करवत फिरली, थांबली. लेक नुकताच कापलेला तुकडा घेऊन बाहेर आली आणि तिने तो त्याच्या नाकाशी धरला.

“सांगा बाबा.”

त्याने डोळे मिटले. श्वास पुरा व्हायला आता वेळ लागत होता. ती थांबली.

“शिसव. ओलं आहे अजून. आठवडाभर सुकू दे.”

ती आत गेली. त्याने हात लांबवून दार ओढून घेतलं.