डागाळलेल्या ताटल्या

"त्या ताटल्या उकळायला टाक," सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि हट्टीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. हे नाव तिला भांडी धुणाऱ्या मावशींनी दिलेलं; प्रयोगशाळेत तेच चिकटलं.

टेबलावर काचेच्या चाळीस ताटल्या मांडलेल्या. त्यांत यीस्टच्या पांढऱ्या, ठिपक्यांसारख्या वसाहती वाढल्या होत्या आणि कित्येकींत एक लाल फाक दिसत होती. या यीस्टमध्ये एकच जनुक शेजारी शेजारी दोनदा होतं. त्या जुळ्यांच्या मधोमध तिने एक खुणेचं जनुक बसवलं होतं. ते जागेवर असलं तर वसाहत पांढरी, हरवलं तर लाल. जुळी एकमेकांत गुंतली, त्यांची अदलाबदल झाली, की मधल्याची हकालपट्टी! पण सरांचा सगळा नावलौकिक उभा होता 'ही जोडी जागची हलत नाही' या एका वाक्यावर.

"बाहेरची घाण आहे ती," सर म्हणाले. "वहीत तसं लिही आणि सही कर. नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर."

चार वर्षं! चार वर्षं रक्ताचं पाणी केलं ते याचसाठी?

"घाण असती तर यांनाही लागली असती ना, सर?" तिने ताटल्यांची दुसरी चळत पुढे सरकवली. "यांच्यातलं अदलाबदल घडवणारं जनुक मी काढून टाकलंय. बाकी तोच दिवस, तेच टेबल, तोच हात. शोधा लाल. दिवा लावून शोधा."

सरांनी एकेक ताटली उजेडात धरली. या चळतीतल्या चाळीस ताटल्यांत मिळून फक्त दोन फाका सापडल्या. तरी भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "नियम वाच."

तिथे पिवळा पडलेला कागद होता, त्यांच्याच अक्षरातला: डागाळलेली ताटली मोजू नये.

तेवढ्यात मावशी धुतलेल्या काचांची टोपली घेऊन आत आल्या. "अगं बाई, परत त्या लाल डागांच्या? सर, तुम्ही शिकत होतात तेव्हापासून घासतेय मी या. मोजायच्या आधीच माझ्याकडे धाडायचात. म्हणायचात, मावशी, या वाईट निघाल्या."

सर मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे वीस वर्षं मी..."

"पांढऱ्याच मोजल्यात," ती म्हणाली. तिला त्यांची दया आली, खरंच आली; पण दयेपोटी खोटं लिहिणारी ती नव्हे.

सर उठले. "प्रबंधावर मी सही करणार नाही," ते पुटपुटले.

"नका करू."

तिने वही ओढली. लिहिलं: लाल फाका पहिल्या चळतीत तीनशे बारा, दुसरीत दोन; घाण शून्य. खाली आपली सही ठोकली. मग त्याच स्टुलावर चढली. मावशींनी ते घट्ट धरलं. भिंतीवरचा कागद तिने काढला, उलटा केला, कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत 'सगळ्या मोजा' असं लिहिलं आणि सरांच्या डोळ्यांदेखत होता तिथेच परत चिकटवला.