चित्राबाईंचं रशियन मीटर

काटा पुन्हा मागे आला. सहाशेच्या आसपास घुटमळला, थोडा पुढे सरकला, पुन्हा मागे. यायला हवा होता हजारावर.

“मॅडम, आधीच्या चारही रेंज छान आल्यात,” लॅबमधला सलिल अदबीनं म्हणाला. “ही शेवटची सोडून देऊ या का? वय झालंय त्याचं.”

“वय माझंही झालंय,” चित्राबाई म्हणाल्या. “मला सोडून देतोस का?”

चाकणच्या त्या लॅबमध्ये एसी चांगला गार होता, तरी नूरमोहम्मदला घाम फुटला होता. सकाळी तळेगावहून त्यानंच आपल्या टेम्पोतून दोघांना आणलं होतं. दोघं म्हणजे चित्राबाई आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं मीटर. रस्त्यातला एकेक खड्डा त्यानं इतक्या जपून पार केला की मागच्या ट्रकवाल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मीटर रशियन. करड्या रंगाचं, दणकट, वर रशियन अक्षरं. चित्राबाईंना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठली कळ काय करते हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. तारेवरचं प्लास्टिक विजेला किती अडवतं ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. केबल वरून कितीही चकचकीत असली तरी आतून कच्ची असेल, तर हे मीटर तिची चुगली केल्याशिवाय राहायचं नाही. पिंपरीच्या एका केबल कंपनीत चित्रा काळोखे तीस वर्षं त्याच्यासमोर बसल्या. काटा सांगेल ते त्यांनी लिहिलं, कुणाच्या भिडेखातर आकडा कधी वाकवला नाही.

चौदा वर्षांपूर्वी अशीच कच्ची केबल गुंडाळलेलं एक ड्रम त्यांनी नापास केलं. ऑर्डर तातडीची होती. नवे साहेब म्हणाले, हा रशियन डबा खोटं दाखवतो. दोन दिवसांत कागद निघाला, ‘चुकीचे मापन दाखवते, बाद करावे’. त्यावर तीन सह्या झाल्या, ड्रम गिऱ्हाइकाकडे गेलं आणि मीटर भंगारात गेलं. त्याच महिन्यात बाई रिटायर झाल्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणंही चांगली झाली. पण मीटर खोटं, तर ते वाचणारी बाई खरी कशी, हा सल काही मनातून जाईना.

गेल्या वर्षी त्या जुना कूलर विकायला नूरमोहम्मदच्या भंगाराच्या गोदामात गेल्या, तर फळीवर मीटर. त्यावर त्यांच्याच अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी: ‘पांढऱ्या कड्याला बोट लावू नये.’ इतकं सुबक यंत्र हातोड्याखाली घालायला नूरमोहम्मदचा हात धजला नव्हता. मग सात महिने बाईंच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मीटर आणि गॅस शेजारी शेजारी नांदले. कपॅसिटर बदलले, गंजलेले स्विच घासले, जुन्या रेडिओत असायचा तसल्या एका व्हॉल्व्हसाठी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं. आता फक्त एक कागद हवा होता, मान्यताप्राप्त लॅबचा, मीटर खरं सांगतं असं लिहिलेला. आणि नेमक्या ह्या वेळी काटा सहाशेवर अडून बसला होता.

“बॅटरी दे रे,” चित्राबाई सलिलला म्हणाल्या.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वायर जोडायच्या जागी उजेड टाकला. तिथलं पांढरं कडं म्हणजे ह्या मीटरचा प्राण. त्याच्यावर बोटाचा घाम लागला तरी वीज तिथून पळवाट काढते. कड्यावर पुसटसा पिवळा डाग होता. बाईंनी नाक जवळ नेलं.

“हळद,” त्या म्हणाल्या.

नूरमोहम्मदनं घसा खाकरला.

“ताई, निघताना तुम्ही चपला घालत होता ना, तेव्हा आजींनी हळदीकुंकू लावलं मशिनला.”

आजी म्हणजे चित्राबाईंच्या सासूबाई, सोजराबाई. वय वर्षं नव्वद.

“आणि तुम्ही लावू दिलंत?”

“मी म्हटलं, आजी, राहू द्या. तर त्या म्हणाल्या, ‘येवढं लेकरू परीक्षेला चाललंय, मोकळ्या कपाळानं न्हाई धाडायचं.’ आता ह्यावर मी काय बोलणार?” नूरमोहम्मदनं मान खाली घातली. “नंतर वाटलं, लॅबवाले काय म्हणतील. म्हणून तुम्ही पाठ वळवलीत तेव्हा रुमालानं पुसून घेतलं. चांगलं दाबून पुसलं.”

“नूरभाई, वर चिठ्ठी लावलीय ती वाचली नाहीत?”

“वाचली की. बोट लावू नये म्हणून लिहिलंय. रुमालाचं कुठं लिहिलंय?”

चित्राबाई हसायला लागल्या. एकदा लागल्या त्या थांबेनात. तीस वर्षं खंडेनवमीला अख्खं खातं त्यांच्या शिव्या खाऊन ह्या मीटरपासून चार हात लांब राहायचं, आणि आज घरच्या म्हातारीनं डाव साधला होता. सलिलही हसला. मग त्यानं स्पिरिट आणि नवा कापूस आणला. बाईंनी कडं तीनदा पुसलं, कोरडं होऊ दिलं, आणि मीटर पुन्हा तापायला तासभर लावून ठेवलं. तेवढ्यात तिघांचा चहा झाला. नूरमोहम्मदनं बिस्किटाला हात लावला नाही.

“वाचा मॅडम, मी लिहितो,” सलिल म्हणाला.

काटा उठला, डावीकडून सावकाश निघाला, आणि हजारावर येऊन उभा राहिला.

“हजार,” चित्राबाई म्हणाल्या.

नियमाप्रमाणे पाच वेळा मोजलं. पाचही वेळा काटा तिथंच. नूरमोहम्मद पुटपुटला, “माशाअल्ला,” आणि बिस्किटाचा पुडा संपवायच्या कामाला लागला.

सलिल मात्र पेन हातात धरून तसाच बसला होता.

“मॅडम, त्या कागदावर तिसरी सही माझी होती.”

“माहीत आहे. मी पाहिला होता तो.”

“आपल्या कंपनीत नोकरी लागून दोन महिने झाले होते. साहेब म्हणाले कर, मी केली. तुम्ही रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत ते ड्रम परत आलं. आत ओल होती. मीटर खरंच सांगत होतं. साहेबांनी विषय दाबला. मी तुम्हाला फोन करणार होतो. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो, आणि मग लाजच वाटायला लागली.”

चित्राबाईंनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमेना. आनंदच एवढा झाला होता की रागाला जागा उरली नव्हती. चौदा वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते ह्या पोराच्या पोटात होतं, आणि ते बाहेर काढताना त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“सांगितलंस ना आता?” त्या म्हणाल्या. “मग लिही पुढे.”

सलिलनं नोंदींचा तक्ता पूर्ण केला. खाली ‘तपासले’ ह्या शब्दासमोर त्यानं सही केली, आद्याक्षरांची नाही, पूर्ण नावाची. शेजारी ‘वाचन घेणारे’ अशी एक जागा रिकामी होती. तिथं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘चित्रा काळोखे’, आणि तक्ता त्यांच्याकडे फिरवून पेन पुढे केलं.

चित्राबाईंनी आधी पदराला हात पुसले. मग पेन घेतलं.