भिंत कुठे सरकली

भूरचनेच्या संग्रहालयात तिचं काम फलक लिहायचं, म्हणून सगळे तिला फलकबाई म्हणत. या खेपेला तिच्याकडे गावामागच्या डोंगरपायथ्याचा फलक आला होता. ती पाळण्यात होती तेव्हा भूकंपात तिथली जमीन चिरली, दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकल्या आणि एका बागेची सरळ भिंत मधोमध तुटली. पुढे रस्त्यासाठी ती भिंत पाडली. आता प्रश्न एवढाच होता, चिरेपलीकडची बाजू डावीकडे गेली की उजवीकडे?

इंटरनेटवर जिकडेतिकडे 'डावीकडे' होतं. दोन पुस्तकांतही तेच. आणि आई तर त्या सकाळी भिंतीपाशीच होती. भाजी निवडता निवडता तीही 'डावीकडे' म्हणाली. 'उजवीकडे' म्हणणारा एकच होता, भूकंपानंतर लगेच मोजमापं घेतलेल्या भूशास्त्रज्ञांचा जुना अहवाल.

साहेब म्हणाले, पाचामुखी परमेश्वर, बहुमताचं लिहून मोकळ्या व्हा. पण तिला चैन पडेना. कुणाला कुठून कळलं, याचा ती माग काढत गेली. संकेतस्थळांनी पुस्तकातून उचललं होतं, एका पुस्तकानं दुसऱ्यातून आणि दुसऱ्यानं वर्तमानपत्रातल्या एका फोटोवरून. तोंडं पुष्कळ, साक्षीदार एकच.

आई चिरेच्या दुसऱ्या अंगाला उभी असेल का? पण त्यानं काही फरक पडत नाही. कुठल्याही बाजूनं पाहा, समोरची बाजू पाहणाऱ्याच्या त्याच हाताला गेलेली दिसते. म्हणजे आई आणि अहवाल, दोघंही बरोबर असणं शक्य नव्हतं.

ती डोंगरावर जाऊन आली. वरून उतरणारे ओढे चिरेची ती रेष ओलांडताना, पलीकडच्या जमिनीसोबत सरकल्यासारखे, उजवीकडे मुरडत होते. एखादा मुरडला असता तर तिनं सोडून दिलं असतं, पण सगळेच?

वर्तमानपत्रातला तो फोटो घरच्या भिंतीवरही होता, कारण त्यात तुटक्या भिंतीशेजारी तिचे बाबा उभे होते. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं फोटो काढून आईपुढे ठेवला.

"बाबांचे शर्ट तूच शिवायचीस ना? खिसा कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. हा काय प्रश्न झाला?" आई म्हणाली आणि तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. फोटोत खिसा बाबांच्या उजव्या छातीवर होता. छापतानाच फोटो आरशातल्यासारखा उलटा पडला होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटं सांगत आले?"

"खोटं नाही गं. रोज बघून बघून फोटोच तुझ्या आठवणीत जाऊन बसला."

"मग माझं स्वतःचं काय उरलं त्यातलं?"

फोटोत नाही असं काही आठवतं का, एवढंच लेकीनं विचारलं. आईनं फोटो पालथा ठेवला. मग म्हणाली, हादरा थांबल्यावरही भिंतीतल्या विटा कितीतरी वेळ कुरकुरत होत्या, आणि तुझे बाबा त्या भिंतीला थोपटत होते, बिथरलेल्या जनावराला थोपटावं तसे.

फलकावर 'उजवीकडे' लिहिलं गेलं, अहवालाच्या आणि ओढ्यांच्या भरवशावर. फोटो सुलटा करून लावायचं ठरलं. त्याखाली आईचं वाक्य, 'प्रत्यक्ष पाहणारीची आठवण' अशा वेगळ्या मथळ्याखाली. छपाईआधी तिनं मजकूर आईला वाचून दाखवला.

"'कितीतरी वेळ' काढून टाक," आई म्हणाली. "घाबरलेल्या माणसाला सगळंच लांबतं."

तिनं ते दोन शब्द खोडले.