ऑकल्ट

महिनाभरात जयवंत पांढराफटक पडला होता. चार पायऱ्या चढला की धापा टाकायचा. इस्पितळात तपासण्या झाल्या, तेव्हा मोठे डॉक्टर धाकट्या डॉक्टरांना म्हणाले, "ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह." मग जयवंतला म्हणाले, "सोमवारी भरती व्हा."

सोबत त्याचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश होता. त्याने तो शब्द कानात धरून ठेवला आणि मुलुंडच्या चाळीत परतल्यावर कॉलेजची डिक्शनरी उघडली.

"वहिनी, ऑकल्ट म्हणजे जादूटोणा," तो सुगंधाला म्हणाला. "डॉक्टरांना कळलंय, तोंडावर बोलले नाहीत एवढंच."

जयवंतला शेजारच्या सुंदराबाई आठवल्या. नळावरच्या भांडणात 'तुझं रक्त आटेल' म्हणाल्या होत्या. चंद्रप्रकाश तडक त्यांच्या दारात गेला आणि चाळीदेखत त्यांना चेटकीण म्हणाला. रविवारीच कुडाळला गावी जाऊन करणी उतरवायला देवस्की करायची ठरली.

सुगंधाला काही ते पटेना. करणीच असेल, तर भरती कशाला करतात? रविवारी दुपारी, वाटेत खायला काही आणते असं सांगून तिने इस्पितळ गाठलं. वॉर्डात धाकटे डॉक्टर भेटले.

"डॉक्टर, ऑकल्ट म्हणजे करणी का हो?"

त्यांनी तिला बाकावर बसवलं. "त्या शब्दाला तोही अर्थ आहे. पण आमच्यात ऑकल्ट म्हणजे लपलेलं. पोटात कुठेतरी रक्त झिरपतंय. डोळ्यांना दिसत नाही, तपासणीत सापडतं. कुठे आहेत ते?"

"गावाला निघालेत."

"वाटेत जोरात वाहायला लागलं तर?"

ती घरी पोचली तेव्हा ट्रंक दारात होती आणि जयवंत बूट घालून बसला होता. ती ट्रंकेवरच बसली आणि तिने ऐकलेलं सगळं सांगितलं.

"करणी असती तर उतरवता तरी आली असती," जयवंत हळूच म्हणाला. "हे कसलं रक्त, ते सांगितलं का?"

"नाही. तेच शोधायला बोलावलंय तुम्हाला."

"दादा, गाडी चुकेल," चंद्रप्रकाश म्हणाला.

जयवंतने बायकोकडे पाहिलं. मग वाकून बुटांची नाडी सोडू लागला.

सोमवारी तो भरती झाला. बुधवारी वॉर्डातच त्याला रक्ताची उलटी झाली, आणि लगेच ऑपरेशन केलं म्हणून वाचला. पोटात जुना अल्सर निघाला.

चंद्रप्रकाश सुंदराबाईंच्या दारात गेला. मागे सुगंधा उभी होती.

"काकी, ऑकल्टचा अर्थ मला चुकीचा कळला."

"चेटकिणीचा तर कळत होता ना?" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

जयवंत घरी आला, त्या दिवशी सगळी चाळ भेटायला आली. सुंदराबाई आल्या नाहीत.