मुठीवरचा बाण

तिने फिल्टरचं झाकण पान्याने सैल केलं, आत बोट घातलं आणि ते बोट धाकट्या भावाच्या नाकासमोर धरलं. बोटावर मधासारखं घट्ट, गार तेल होतं.

"हे काय आहे?"

"तेल."

"आणि काय असायला हवं होतं?"

"डिझेल. ताई, पाच मिनिटं डिझेलवर चालवूनच बंद केली मी. टायमर लावून."

"मग हे आभाळातून पडलं?"

लॉन्ड्रीची ही जुनी व्हॅन दोन टाक्यांवर चालायची. सुरुवात डिझेलवर, इंजिन तापलं की वॉल्व्हची मूठ फिरवून तळणीच्या गाळलेल्या तेलावर. बंद करण्याआधी पाच मिनिटं पुन्हा डिझेल, म्हणजे नळ्या धुऊन निघायच्या. नाहीतर थंडीत तेल आतच गोठायचं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात, दोन वर्षं खपून तिने ही जुळणी केली होती. चालवायला मात्र ती कधी शिकली नाही. ते काम भावाचं.

आई धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यापाशी उभी होती. "काल गाडी दारात आली तेव्हा तळणीचा वास येत होता खरा," ती पुटपुटली.

"ऐकलंस? डिझेलला तळणीचा वास येतो का रे?"

"मलाही आला. म्हणूनच म्हणतोय, एकदा तो वॉल्व्ह—"

"तो कालच दुपारी मी माझ्या हाताने घट्ट केलाय. मला वॉल्व्ह शिकवू नकोस! पंप गेला असता म्हणजे? कुठे मिळतो आता तसला पंप?" तिने हात पुढे केला. "किल्ली दे. आजपासून ही गाडी तू चालवायची नाहीस."

"मग कोण चालवणार?" आईने विचारलं.

"मी बघते."

भावाने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. हॉस्पिटलचे दोन गठ्ठे हातगाडीवर टाकले आणि तो निघून गेला.

तणतणतच तिने फिल्टर रिकामा करून पुसला. आत वाकून मुठीचा बाण डिझेलच्या हिरव्या खुणेवर असल्याची खात्री केली आणि हातपंप मारला. नळीतून आलं ते तेल. तिने पुन्हा पंप मारला. पुन्हा तेल.

मग तिने मूठ तेलाच्या पिवळ्या खुणेकडे फिरवली. पातळ, स्वच्छ डिझेल तिच्या बोटांवरून वाहिलं.

ती तशीच वाकून राहिली. काल गळती थांबवायला तिने मूठ काढली होती. दांडा चौकोनी; त्यावर मूठ सुलटी बसते तशी उलटीही बसते. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं असतं.

उरलेले गठ्ठे न्यायला भाऊ परत आला, तेव्हा मूठ सुलटी बसवून झाली होती.

"मूठ उलटी होती," ती म्हणाली.

"हं."

"तुला माहीत होतं?"

"सकाळी वाटलं तसं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने गठ्ठा खांद्यावर घेतला. "बोललो की."

तिने किल्ली पुढे केली. त्याने हातगाडीचा दांडा धरला. "तू बघणार होतीस ना?"

आई मागून हातगाडी ढकलू लागली. दोघं कोपऱ्यावरून वळली.

ती व्हॅनमध्ये चढली, किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. आवाज एकसारखा, धूर साफ. जुळणीत कुठेही खोट नव्हती. स्टिअरिंग धरून ती बसून राहिली. यापुढचं तिला येत नव्हतं.