सवयीचा प्रोग्राम

उदगीरला विशाखाचा लग्नाच्या व्हिडिओंचा छोटा स्टुडिओ होता. नवी विंडोज तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढेना, म्हणून लातूरला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या तिच्या भावानं, भीमाशंकरनं, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं.

"अक्का, आवाज भरायचा विंडोजवरचा जुना प्रोग्राम इकडं ओढून आणू नको," तो म्हणाला. "लिनक्ससाठीच केलेले प्रोग्राम हायत. फुकट हायत, चांगले हायत. एक मी टाकून ठेवलाय."

विशाखानं तो उघडून पाहिला. बटणं भलतीकडंच, नावं वेगळी. डोळे झाकून चालणारा हात अडखळला. शिवाय फुकटच्या वस्तूवर तिचा भरवसा नव्हता. भाऊ गेल्यावर तिनं इंटरनेटवर बघून जुनाच प्रोग्राम कसाबसा बसवला. तो सुरू व्हायचा, पण माइक लावला की बंद पडायचा.

तिची सासू कमलम्मा हळदीची, पाळण्याची गाणी म्हणायची. अर्धी ओळ कानडी, अर्धी मराठी. बिदरकडच्या माहेरातून आणलेली. जोडीच्या बाया गेल्या होत्या. गाणी पुरी येणारी ती एकटीच उरली होती. ही गाणी कॉम्प्युटरवर भरून ठेवायची, असं सासूसुनेनं ठरवलं होतं.

जेवणं उरकली की कमलम्मा पदर सारखा करून स्टुडिओत येऊन बसायची.

"विशाखा, आज भरायची का गं?"

"आत्या, प्रोग्राम नीट करायलेय. उद्या बघू."

"मोबाईलवर भर की."

"त्यात आवाज चांगला येत न्हाई. करायचं तर नीट करू."

भीमाशंकर फोनवर विचारायचा, "मी टाकलेला उघडलास का?"

"बघते की," ती म्हणायची, आणि जुन्याच्याच मागं लागायची.

दिवाळी झाली. एका सकाळी चहा पिता पिता कमलम्माच्या हातातून कप सुटला. लातूरच्या दवाखान्यातून ती घरी आली, पण उजवा हात उचलत नव्हता आणि बोलणं गेलं होतं.

भीमाशंकर भेटायला आला, तेव्हा विशाखानं त्यानं टाकलेला प्रोग्राम उघडला. माइक लावला, लाल बटण दाबलं, "हॅलो" म्हटलं. पडद्यावर रेघ हलली. परत ऐकलं, तर आवाज स्वच्छ.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

भीमाशंकरनं माइक खुर्चीजवळ सरकवला.

विशाखानं सासूला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. "आत्या, म्हणा. आता होतंय."

कमलम्मानं माइककडं पाहिलं. मग घशातून चाल निघाली, हळदीच्या गाण्याची. चाल बरोबर होती, शब्द येत नव्हते. एका जागी ती थांबली आणि पुढची ओळ सांग म्हणून सुनेकडं बघू लागली.

लग्न होऊन आल्यापासून विशाखा ते गाणं ऐकत होती. तिला ती ओळ आठवेना.