धनराजचा डबा

जंगलात डबा लपवायचा, जागेचे आकडे मोबाइलवर टाकायचे आणि इतरांनी तो शोधायचा, हा खेळ पोंभुर्ण्याच्या सरिताबाईंनी दोन जिल्ह्यांत रुजवायला घेतला होता. गटात चाळीस जण होते. शोधायला सगळे यायचे, लपवायला मात्र एकट्या त्याच. शेवटी त्यांच्या आग्रहाखातर गोंडपिपरीकडच्या धनराजने आपल्या गावालगत मोहाखाली स्टीलचा डबा ठेवला.

मोहफुलं वेचणाऱ्या बायांना तो दिसला. बॉम्ब समजून अख्खं गाव पळालं. पोलिसांनी उघडला, तेव्हा आत शोधणाऱ्यांनी नाव लिहायची वही आणि पेन्सिल निघाली.

सरिताबाई धनराजच्या घरी गेल्या.

"धनराजभाऊ, पुढच्या वेळी आरपार दिसणारा डबा ठेवू. गावाले आधी सांगून ठेवू."

"पळता पळता माय पडली, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कमरेचं हाड मोडलं. अजून उठून नाई राह्यली."

आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं.

नवे डबे लपवा, असं सरिताबाईंनी गटावर पुन्हा कधीच लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या आपलेच अकरा डबे काढून आणायला निघाल्या. सात सापडले.